वनिताताई, कांदा आणि माझी ‘वेदना’

प्रिय वनिताताई,

उद्या पेणला आपल्या फोटोंचं प्रदर्शन उघडतंय. जत्रेत खेळ करणाऱ्या बायकांचे माझे आठ वर्षांतले फोटो. दारातल्या मोठ्या चौकटीसाठी संयोजकांनी तुझा नेमका तोच फोटो निवडलाय, ज्यावरून आपलं वाजलं होतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तुझ्याशी बोलल्याशिवाय कसं कळवू?

तुझा नियमच होता. ‘मौत का कुआँ’चा खेळ संपवून खाली उतरलीस, की आधी माझा कॅमेरा मागायचीस. काजळाच्या बोटानं एकेक फोटो सरकवत हुकूम सोडायचीस, “ठेव. काढ. शी, हा काढ!” फळ्यांच्या उभ्या भिंतीवर हात सोडून मोटारसायकल पळवणारी बाई तू, आणि फोटोत हनुवटी जाड दिसली की घाबरायचीस!

तो एकच फोटो मी तुला दाखवला नाही. रोह्याच्या जत्रेत, तंबूमागे, डोळे भरलेले, तोंडावरचा रंग ओघळलेला. एका दिवाळी अंकात छापून आला. खाली मी दिलेलं नाव, ‘वेदना’. पुढच्या जत्रेत तू अंक घेऊन माझ्यासमोर उभी!

“अगो, मी रडत व्हते कुठं? कांदा चिरत व्हते! फोटोतनं विळी का कापलीस?”

आणि मी काय केलं? तुला उजेड-सावलीवर व्याख्यान दिलं! तू सगळं ऐकून घेतलंस, भज्यांची थाळी पुढे सरकवलीस आणि म्हणालीस, “खा आता, वेदनाबाय.” हसून हसून माझं पोट दुखलं. पण ‘ताई, चुकलं माझं’ एवढं म्हणायचं राहूनच गेलं. ते आज म्हणते. चुकलं गं.

आणि तू गेलीस कशी, तर साध्या तापानं, कासूला घरी, अंथरुणावर! इतकं सरळसोट जाणं तुला मुळीच पटलं नसेल.

इथवर लिहिलं आणि उठून जयश्रीला फोन केला. तुझी लेक आता तुझीच गाडी चालवते, आणि बोलतेही तुझ्यासारखीच. फोटोचं सांगितलं तर म्हणाली, “आई आणि रडकी? आई कधी रडली नाय, आमालाच रडवलान तिनं!” आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

मग संयोजकांना कळवून टाकलं, तो फोटो नको. दारात तू हात सोडून गाडी पळवणार आहेस. ते थोडे हिरमुसले. हिरमुसू देत की!

पुढच्या महिन्यात जयश्रीचा खेळ रोह्याला येतोय. तिला न विचारता तिचा एकही फोटो बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द. आणि पहिला खेळ मी कॅमेरा पिशवीत ठेवून, गर्दीत उभी राहून बघणार आहे. आठ वर्षांत तुला मी असं नुसतं, डोळे भरून, एकदाही बघितलं नाही गं.

तुझीच,
नीलिमा