शेवटपर्यंत पाहिला जाणारा माणूस

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी ठेवावी. निवृत्तीनंतर अख्ख्या जपानने मला, फुटबॉलच्या बचावफळीतल्या सेंटर-बॅक नोबुहारू किताओकाला, विसरून दाखवलं, आणि आता माझ्या ऑफसाइडवरच्या व्हिडिओला दोन लाख प्रेक्षक! तेही शेवटपर्यंत. मध्येच उठून कोणी जात नाही. आता जुन्या क्लबला माझा निरोपाचा सामना भरवावाच लागेल. बाकी सगळ्यांचे झाले. मला नुसता गुच्छ मिळाला, तोही बायकोने, सुमिएने, शिंका येतात म्हणून शेजारी देऊन टाकला.

५ मार्च
प्रतिक्रिया वाचल्या. 'किताओका-सान, तुमच्यामुळे आयुष्य परत मिळालं.' 'आईला रोज लावून देते.' 'बाळालाही चालतं.' सहा महिन्यांच्या बाळाला बचावफळी कळते! आमच्या कोचला कधी कळली नाही.
सुमिएचा जुना निद्रानाशही पळाला. नवरा नावारूपाला आला की बायकोला शांत झोप लागतेच.

९ मार्च, सकाळी
एका चाहत्याची नम्र तक्रार: मध्येच आवाज का चढवता? खरं आहे. गोलचं वर्णन करताना मी वाहवतो. संकल्प: यापुढे गोल टाळायचे.

१४ मार्च
याइझूच्या सभागृहात व्याख्यान. तुडुंब गर्दी. काहींनी उशा आणल्या होत्या. खुर्च्या कडक आहेत, लोक विचारी. थ्रो-इनचा इतिहास सुरू केला आणि एकेक मान झुकू लागली. एवढा आदर! मीही कमरेत वाकलो. ते सरळ होईनात, मग मी कसा होणार? शेवटी वॉचमनने मला तसंच वाकलेलं उचलून टॅक्सीत घातलं.

१५ मार्च
कंबरेला पट्टा. क्लबचे कुरामोची-सान भेटायला आले. निरोपाच्या सामन्याचं विचारलं. त्यांनी दातांतून हवा ओढली आणि म्हणाले, जरा अवघड आहे. म्हणजे विचार चालू आहे. तोवर पुढच्या सामन्याआधी मैदानात दोन शब्द बोला म्हणाले.

२३ मार्च
दोन शब्द चांगले तासभर चालले. स्टेडियम स्तब्ध. ढोलवाला ढोलावरच आडवा. आमची पोरं आत सराव करत होती, बिचारी भाषणाला मुकली. पाहुण्यांचा गोलकीपर मात्र खांबाला टेकून इतका भारावला की चार गोल झाले तरी हलला नाही. पाचवा चेंडू तोंडावर बसला तेव्हा विचारतो, 'स्टेशन आलं का?'
क्लब किती वर्षांनी जिंकला! कुरामोची-सान रडले.

२६ मार्च, दुपारी
क्लबकडून करार आला! दारातच उघडला. काम: दर सामन्याआधी पाहुण्या संघाच्या खोलीत जाऊन भाषण करणे. आपल्या खेळाडूंशी बोलण्यास सक्त मनाई. निरोपाच्या सामन्याचं नाव नाही.
सुमिएला सरळ विचारलं, माझा एक तरी व्हिडिओ पुरा पाहिलास?
चहा ओतत म्हणाली, 'खोटं कशाला बोलू, अहो? ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही मला. तिथवर पोचतच नाही. पण झोपेच्या गोळ्या सुटल्या हो माझ्या.'
वाईट वाटलं. गुच्छाच्या दिवशीपेक्षा जास्त. म्हटलं, निदान करार तरी ऐक. दुसऱ्या कलमालाच ती चटईवर कलंडली. अंगावर पांघरूण घातलं. थांबलो तर जागी होईल, म्हणून उरलेली कलमं मोठ्याने वाचत राहिलो. आवाज कुठेही न चढवता.