वार्षिकांकातलं मलम

९ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. आणि विशेष इतकं मोठं आहे की नमस्कार घाईतच उरकते.

आपल्या मलमाचा पेटंटसाठी अर्ज जाणार! आधी वहिनीला सांग, मग तुझ्या लेकीला, ठकीला. तू मनातल्या मनात नाच, कारण तुला काही सांगितलं की दुसऱ्या तासाला अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं.

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत पेटंट कक्ष आहे. तिथल्या बाई चष्म्यावर चष्मा लावून माझी वही ओळ न् ओळ वाचताहेत. पेटंट म्हणजे वीस वर्षं विद्यापीठाला विचारल्याशिवाय हे मलम कोणी बनवून विकायचं नाही. त्या भरवशावर एक औषध कंपनी रुग्णांवरच्या चाचणीचा सगळा भार उचलायला तयार आहे. विद्यापीठाला ते झेपणारं नाही. पेटंट नसेल तर कंपनी येणार नाही, कंपनी नसेल तर चाचणी होणार नाही, आणि मलम फ्रीजरच्या दुसऱ्या कप्प्यात बर्फ खात पडेल. मार्चअखेर माझा प्रकल्पही संपतोय.

आता खरी बातमी. पहिल्या चाचणीत बारा मुलं घेणार आहेत आणि त्यांत ठकी बसते. मी तिच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, तेराव्या वर्षीही तिची बोटं सुटी आहेत हे नशीबच. पण जरा घासलं की कातडी सुटून असेच फोड येऊन येऊन बरे होत राहिले, तर दोनेक वर्षांत बोटं एकमेकांना चिकटतील, आणि मग मलम लावून काही व्हायचं नाही. तेव्हा जे करायचं ते आत्ताच.

दादा, ऑक्टोबरात तुला ते दहा पानी पत्र लिहिलं ना, ते लिहितानाच मला कळलं मी काय शोधलंय. तुला समजावून सांगितल्याशिवाय मला काही समजतच नाही, ही माझी तिसरीपासूनची खोड. तुरटीचे खडे करताना तू माझा हात धरून ठेवायचास आणि बजावायचास की ढवळायचं नाही, नुसती वाट बघायची. कातडीचे दोन थर धरून ठेवणारं ते द्रावण आम्ही अकरा वर्षं गार करताना ढवळत होतो, गाढवासारखे! ढवळणं थांबवलं आणि ते टिकायला लागलं. पेटंटवर तुझंही नाव हवं, पण बाई ऐकायच्या नाहीत.

३१ तारखेला सही आहे. अर्जात एक प्रश्न आहे, हा शोध यापूर्वी कुठे छापला वा जाहीर केला आहे का. मी ‘नाही’ लिहिलंय. मी गमतीने विचारलं की भावाला पत्रात लिहिलं ते धरायचं का, तर बाई हसून म्हणाल्या, घरच्या माणसाने तोंड मिटून ठेवलं असेल तर नाही.

वहिनीला नमस्कार, ठकीला लांबूनच पापा. लोभ आहेच, आता थोडा अभिमानही वाटू दे.

तुझं शेंडेफळ

१४ जानेवारी

चि. शेंडेफळास,

आशीर्वाद लिहायचं तोंड मला राहिलेलं नाही, तरी सवयीने अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. तो ‘नाही’ लिहिल्याचा परिच्छेद वाचला आणि ताट बाजूला सारलं. तुझ्या वहिनीने विचारलं काय झालं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि आत निघून गेली. आज चार दिवस ती माझ्याशी बोललेली नाही.

बाळ, मी ते छापलं.

आमच्या शाळेचा वार्षिकांक दरवर्षी मीच काढतो, तुला ठाऊक आहे. डिसेंबरात चार पानं रिकामी राहिली. मुख्याध्यापक म्हणाले, विज्ञानावर काहीतरी टाका. तुझं ऑक्टोबरातलं पत्र माझ्या टेबलाच्या खणातच होतं. वाटलं, मुलांना कळू दे संशोधन कसं होतं, आणि कळू दे आपल्या वर्गातली ठकी हातमोजे का घालते. मी तुझं पत्र जवळजवळ जसंच्या तसं दिलं. प्रमाण, तापमान, आम्ल कधी घालायचं, किती तास गार करायचं, कुठे ढवळायचं नाही, सगळं. वर ‘तुरटीच्या खड्यापासून मलमापर्यंत’ असा मथळा. खाली तुझं नाव, कारण दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर खपवायचं नाही हे मीच मुलांना शिकवतो.

दोनशे प्रती. १८ डिसेंबरला वाटल्या.

शाळेच्या अंकाला छापणं म्हणतात का गं? कोण वाचतं ते? पालकसुद्धा फक्त आपल्या पोराचा फोटो बघतात. बाईंना एकदा विचार. नाहीतर विचारू नको. मला काहीच सुचत नाही. पंचवीस वर्षं मुलांना प्रयोगाआधी सूचना वाचा म्हणून ओरडणारा मी, आणि तुला एका शब्दाने विचारलं नाही.

रागाव, पण लिही.

तुझा दादा

१९ जानेवारी

दादा,

नमस्काराचं राहू दे आज.

हो, त्याला छापणंच म्हणतात. मी बाईंना आडून विचारलं, की समजा कोणाचं असं झालं तर. त्या म्हणाल्या, दोनशे प्रती काय नि एक काय, बाहेरच्या एका माणसाला ते वाचता आलं आणि त्यातून कृती कळली की शोध नवा राहत नाही. काही देशांत यावर सवलत मिळते, पण कंपनीला जिथे औषध विकायचंय तिथे नाही. कंपनीने आधीच सांगून ठेवलंय की सगळीकडे पेटंट नसेल तर ते एक पाऊल पुढे टाकणार नाहीत.

तू एखादी पायरी तरी गाळायचीस! शाळेत कधी फळा अर्धवट पुसला नाहीस, तसं हेही टापटीप, मुद्देसूद, कोणालाही जमेल असं छापलंस. अकरा वर्षं, दादा. मी लग्नाला नाही म्हटलं, बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत होते. ठकीसाठीच ना सगळं? तू माझा भाऊ नसतास तर आयुष्यात तुझं तोंड पाहिलं नसतं.

आणि तरी रडायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही, हे त्याहून वाईट.

आता जे लिहितेय ते वाचून फाडून टाक. बाईंना शाळेचा अंक कुठून दिसणार? कंपनीला कुठून कळणार? अंकच राहिले नाहीत तर? मी काही सांगत नाही. मला फक्त ठकीची बोटं दिसताहेत.

- मी

२५ जानेवारी

चि. शेंडेफळास,

अ. उ. आ.

एकशे नव्व्याण्णव अंक परत आणले. पाच दिवस शाळा सुटली की सायकल काढायची आणि घरोघर हिंडायचं. सगळ्यांना एकच सांगितलं, अंकात विज्ञानाच्या लेखात गंभीर चुका राहिल्यात, दुरुस्त करून देतो. एका घरात अंकावर पातेलं ठेवलेलं होतं, एका ठिकाणी कपाटात अंथरला होता. एका आजोबांनी मात्र सगळा वाचला होता, खुणा करून. ते म्हणाले लेख उत्तम आहे, चूक कुठे आहे दाखवा. मी अंक त्यांच्या हातून काढून घेतला आणि सायकलवर बसलो.

सगळे अंक शाळेच्या रसायनशाळेत नळाच्या हौदात जाळले. मुख्याध्यापकांच्या सहीची आणि ग्रंथालयाची प्रतसुद्धा. शिपाई दारात उभा राहून बघत होता.

एक मिळत नाही. यादीप्रमाणे दोनदा फिरलो. कुठे गेला देव जाणे.

काल ठकीच्या पट्ट्या बदलायचा दिवस होता. कोमट पाण्यात बसवून एकेक पट्टी भिजवून सोडवायची, अडीच तास लागतात. पूर्वी ती ओरडायची. आता ओरडत नाही, टॉवेल दातांत धरते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट यांच्यात पातळ पडदा धरलाय. वहिनीने पाहिलं, मी पाहिलं. नंतर वहिनी माझ्याशी दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तिला सही करायला सांगा.

तेव्हा मी सांगतो, सही कर. पाप असेल ते माझ्या नावावर. राहिलेला एक अंक कुठेतरी रद्दीत गेला असेल.

दादा

२७ जानेवारी

प्रिय आत्यास,

सा. न. अक्षर वाईट आहे कारण मी जाड पेनने लिहितेय, बारीक पेन बोटाला लागतं. हे पत्र घरी कोणाला दाखवलेलं नाही. पोस्टात पण मीच टाकणार.

न मिळालेला अंक माझ्याकडे आहे. उशीच्या अभ्र्यात.

बाबा आणि तू काय करताय ते मला कळतं. मी तेरा वर्षांची आहे, बाळ नाही. तुमची सगळी पत्रं बाबांच्या खणात असतात आणि खणाला कुलूप नाही. तू फाडायला सांगितलेलं पण त्यांनी फाडलं नाही. ते तुझं एकही पत्र फाडत नाहीत.

अंक आला ना, तेव्हा काय झालं ते तुला कोणी सांगितलंच नसेल. बाबांनी लेखात लिहिलं होतं की हा आजार कोणाला लागत नाही, माझ्या कातडीतला डिंक फक्त कमी आहे. दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरची मुलगी आपणहून माझ्याशेजारी येऊन बसली. सहावीपासून माझ्या बाकावर कोणी बसत नव्हतं. मग डबा खाताना पण सगळ्या आल्या. एकीने तर हातमोज्याला हात लावून बघितला, हळूच.

मग बाबा घरोघर जाऊन सांगून आले की लेखात गंभीर चुका आहेत. सोमवारी ती मुलगी परत पुढच्या बाकावर गेली. तिच्या आईने सांगितलं म्हणे, लागत नाही हीच चूक असेल. मी तिला सांगितलं की ते खरं आहे. ती म्हणाली, मग तुझ्या बाबांनी जाळले कशाला?

आत्या, मला मलम हवंय. खूप खूप हवंय. मोठेपणा करत नाहीये मी. पट्ट्या काढताना मला मरावंसं वाटतं, आईला सांगू नको. तू मागितलास तर अंक पाठवते, तू पण जाळ. पण मग लेख खरा होता हे कोणालाच कधी सांगता येणार नाही ना? एवढंच विचारायचं होतं.

तुझी लाडकी (असशील म्हणत तर),
ठकी

१ फेब्रुवारी

चि. ठकूबाईस,

अ. उ. आ. आणि तुझ्या जाड पेनाला माझा नमस्कार.

काल सही होती. गेल्यावर मी बाईंना आधी तुझं पत्र वाचायला दिलं. त्यांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले. मग त्या प्रश्नापुढचं ‘नाही’ मी खोडलं आणि ‘हो’ लिहिलं, तारीख लिहिली, शाळेच्या अंकाचं नाव लिहिलं. कंपनीचे गृहस्थ समोरच बसले होते. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. फाइल बंद केली, म्हणाले फार वाईट वाटतं, आणि पावणेचारला गाडीत बसून निघून गेले.

तुला खोटं सांगणार नाही. दुसरी कंपनी येईल असं मला वाटत नाही. बाई म्हणतात, आता हे मलम कोणीही बनवू शकतं, कोणाला विचारायची गरज नाही. पण म्हणूनच त्याच्या चाचण्यांचं ओझं कोणी घेणार नाही. मी पाच इस्पितळांना पत्रं लिहिली आहेत, आज आणखी लिहीन. मार्चनंतर माझी प्रयोगशाळा नाही. तुझ्या करंगळीचं मला कळलंय. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं. मी योग्य केलं का, हे मला माहीत नाही, ठकू. तू विचारलंस म्हणून मला खोटं लिहवेना, एवढंच खरं. तुला वेदना होतील तेव्हा मला शिव्या घाल, मी ऐकेन.

सोबत एक कागद आहे. विद्यापीठाच्या छापील कागदावर, माझ्या सहीचा, विभागाचा शिक्का मारलेला. त्यात लिहिलंय की वार्षिकांकातल्या त्या लेखातला शब्द न् शब्द खरा आहे, एकही चूक नाही, आणि हा आजार स्पर्शाने कोणालाही होत नाही. काल एक सही करायची होती, ती मी यावर केली. वर्गात सगळ्यांसमोर वाच. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या आईला नेऊन दाखव.

इस्पितळांच्या पत्रांना जोडायला मला त्या लेखाची झेरॉक्स लागेल. मूळ अंक अभ्र्यातच राहू दे, मला देऊ नको, कोणालाच देऊ नको.

आणि दादाला माझा सा. न. सांग. त्याला म्हणावं, रागावून झालं, आता नवं काम घे. ठकीजवळच्या अंकाची झेरॉक्स समोर ठेव आणि दोनशे प्रती परत छाप, आता लपवायला काही उरलेलं नाही.

तुझीच,
आत्या