क्रमांक एकशे सत्तावीसची मालकी

मी, जिचं नाव टंकलेखकानं वरच्या तक्त्यात घातलंच आहे ती, वय एक्क्याऐंशी पूर्ण, शिक्षण तिसरी आणि चौथीचा अर्धा पाऊण महिना, धंदा पूर्वी नोंदणी कार्यालयाच्या दप्तरखान्यात फाटकी रजिस्टरं शिवण्याचा, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी सात आकडे उलटे म्हणायला लावले, मी अकरा म्हटले. कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी पुढच्या आठवड्यात सुरू होईल, म्हणून आजच लिहिते.

वकिलानं एक मसुदा दिला होता. तो मी दोनदा वाचला. त्यात मी कुठेच सापडले नाही. तेव्हा माझ्या हातानं लिहिते आहे, शुद्धलेखन पोटात घालावं.

कलम पहिलं, घर. माझ्या मालकीचं चार खोल्यांचं घर, क्रमांक एकशे बारा, पुढचं दार रस्त्यावर, हे माझ्या मुलीला जावं. पूर्णपणे, भिंती, छप्पर, नळ, नव्या हिरव्या फरशा यांसह. मुलगी म्हणजे धाकटी. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात ती साचे ओतते, आणि मी जे खाते ते तिनं घडवलेल्या दातांनीच खाते.

आता मुलगा म्हणेल, हे घर आईनं सात वर्षांपूर्वीच मला बक्षीस दिलंय, नोंदवलेला कागद आहे. कागद आहे खरा. तो कसा झाला ते सांगते, म्हणजे कोर्टात कोणाला घसा कोरडा करायला नको.

सात वर्षांपूर्वी मुलानं मला रिक्षात घालून नोंदणी कार्यालयात नेलं. पेन्शनच्या कागदावर सही हवी म्हणाला. पेन्शन त्याच खात्याची, म्हणून मी न वाचता केली. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. साहेबांनी विचारलं, "आजी, खुशीनं देताय ना?" मला वाटलं, सही खुशीनं देतेय का ते विचारतात. म्हटलं, "खुशीनंच, साहेब." येताना त्यानं मला उसाचा रस पाजला. आठवड्यानं म्हणाला, "आई, तुला मागची खोली शांत पडेल." मागची खोली म्हणजे कोळशाची. सहा फूट लांब, पाच फूट रुंद. खाट लांबीनं टाकली तर दार उघडेना आणि आडवी टाकली तर मावेना, म्हणून सुताराला बोलावून खाटेचा पायथा कापला. मी तिथेच उभी होते. सून म्हणाली, "सासूबाई, तुमचे पाय कुठे एवढे लांब आहेत." सुतार हसला. मीही हसले, माणसांत राहायचं तर हसावं लागतं.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं. कळलं तीन महिन्यांनी. माझी एक खोड आहे. नोकरीत असताना दर वर्षी एकदा तरी मी सूचीत माझंच नाव काढून बघायची. बायका आरशात बघतात तसं. सूची म्हणजे आडनावांचं जाडं रजिस्टर. त्यात माणूस शोधायचा, त्याच्यापुढे खंड आणि पान असतं, मग तो खंड उघडायचा, की त्या माणसानं काय घेतलं, काय विकलं, कोणाला दिलं, सगळं समोर. त्या रजिस्टरांचे कणे मी तीस वर्षं शिवले, खळ माझ्या नखांतून अजून गेलेली नाही. अक्षर न् अक्षर जुळवत वाचायला मी तिथेच शिकले. शाळेत बाई छडी मारायच्या, दप्तरखान्यात रेकॉर्डकीपर नुसते खाकरायचे.

तर जुन्या माणसांना भेटायला गेले, खोडीप्रमाणे सूची काढली, आणि माझ्या नावापुढे दोन ओळी. एक माझ्या खरेदीखताची, जुनी. दुसरी ताजी. बक्षीसपत्र.

खंड मागवला. बोट ठेवून वाचत गेले. लिहिणाऱ्यानं माझ्या तोंडी घातलं होतं की मुलानं माझी सेवा केली. बरं. मग लिहिलं होतं, "मला या मुलाखेरीज दुसरं अपत्य नाही." तिथे बोट थांबलं. धाकटीच्या वेळी मी दोन दिवस अडले होते, आणि याच मुलाचं बोट धरून तिला पहिल्यांदा शाळेत धाडलं होतं. त्यानं बहिणीला एका ओळीत मारून टाकलं. घराचं मी विसरले असते. देवाशपथ विसरले असते.

मग पुढे वाचलं, मिळकतीचं वर्णन. क्रमांक एकशे सत्तावीस. क्षेत्र तीस चौरस फूट. पूर्वेस गल्ली. पश्चिमेस क्रमांक एकशे बाराचं घर.

मी इतकी हसले की रेकॉर्डकीपरनी पाणी आणलं. माझं घर त्या कागदात होतं, पण शेजारी म्हणून.

हे झालं कुत्र्यामुळे. आमचे हे होते तेव्हा त्यांनी एक कुत्रा पाळला होता, फौजदार. कर आकारणीचा माणूस पुढच्या दारानं आला तर फौजदारानं त्याची विजार धरली. तो मागच्या गल्लीत गेला, भिंतीवरून डोकावून चार खोल्या मोजल्या, आणि समोर दिसला तो कोळशाच्या खोलीचा नंबर वहीत मांडला. खोली घराबरोबर एकाच खरेदीखतात घेतली होती, पण तिचा नंबर पहिल्यापासून वेगळा. तेव्हापासून चाळीस वर्षं अख्ख्या घराची कराची पावती एकशे सत्तावीसच्या नावानं येते. मी ह्यांना म्हटलं होतं, दुरुस्त करून घ्या. हे म्हणाले, पावती कोण वाचतं. ह्यांचं आयुष्यात एवढं एकच वाक्य खरं ठरलं.

मुलानं बक्षीसपत्र लिहिणाऱ्याच्या हातात कराची पावती ठेवली. खरेदीखत माझ्या पत्र्याच्या पेटीत होतं, ते मागितलं असतं तर मला सुगावा लागला असता. लिहिणाऱ्यानं पावतीवरचा नंबर घेतला, त्या नंबरची मापं आणि चतुःसीमा जुन्या खंडातून जशीच्या तशी उतरवली. मुलानं काय वाचलं? माझ्या सहीची जागा.

म्हणजे सात वर्षांपूर्वी मुलाला मिळाली ती कोळशाची खोली. मी त्याच्या खोलीत राहते आणि तो माझ्या घरात. हे मला ठाऊक, रेकॉर्डकीपरना ठाऊक, आणि वर फौजदाराला ठाऊक.

लोक विचारतील, म्हातारे, सात वर्षं गप्प का बसलीस. मजा आली म्हणून. पहिल्या वर्षी त्यानं छप्पर नवं केलं, मी म्हटलं, चांगलं जाड घाल. मग स्वयंपाकघराचा ओटा केला, मी म्हटलं, जरा बुटका ठेव. धाकटी बुटकी आहे. फरशांच्या वेळी सून करड्या म्हणत होती, मी दोन दिवस हिरव्या हिरव्या करत बसले, शेवटी कटकट नको म्हणून तिनं हिरव्या घेतल्या. धाकटीला हिरवा आवडतो. आंब्याच्या दिवसांत मला कोय पाठवायचे, गर आत संपायचा. मी कोय चोखत खिडकीच्या नव्या काचा बघायची आणि जीव गार व्हायचा.

कलम दुसरं, नात. मुलाची मुलगी. तिला पुढची खोली, हवी तोवर, आत्यानं काढू नये. ही पोर रोज चहा घेऊन मागे यायची आणि खाटेच्या कापलेल्या कडेवर बसायची. हल्ली कर आकारणीचं सगळं मोबाइलवर दिसतं. दर वर्षी मी तिला एकशे सत्तावीस काढायला लावायची, कोणी दुरुस्ती तर केली नाही ना. ती म्हणायची, "आजी, दर वर्षी हेच काय बघतेस?" मी म्हणायची, "माझी तब्येत." माझी हत्यारंही तिला. दाभण, मेणाचा दोरा, खळीचा ब्रश आणि घड्या घालायची हाडाची पट्टी. शिवणार नाही ती, पण असू दे. आणि बये, कुठेही सही करण्याआधी चतुःसीमा वाच.

कलम तिसरं, सून. तिनं माझा कप वेगळा ठेवला होता, कानतुटका. तो तिला.

कलम चौथं, नणंद. तिनं मला पन्नास वर्षं अडाणी म्हटलं. माझा चष्मा तिला द्यावा, हे मृत्युपत्र वाचायला. वाचून झालं की परत घ्यावा आणि धाकटीला द्यावा, काडी चांगली आहे.

कलम पाचवं, हे महत्त्वाचं. मुलानं घर विकायला काढलं आहे. परवा चपलांचा दुकानवाला बघायला आला. चारही खोल्या बघितल्या, मागे डोकावला, मला पाहून विचारलं, ह्या कोण? मुलगा म्हणाला, "आई. तिचं काय, ती आता जाणारच." मी खाटेवर बसून ऐकत होते. दुकानवाला शहाणा आहे, म्हणाला, माझा वकील तीस वर्षांचे कागद शोधेल, मग बयाणा. वकिलाला सूची, खंड, पान, सगळं मिळून एक दुपार लागेल. त्याच संध्याकाळी मुलगा मागे येईल. पाय चेपेल. खाली बसेल, खाली बसायला जागा असली तर. चूक दुरुस्तीचा एक लहानसा कागद आहे म्हणेल, आई, फक्त सही.

म्हणून लिहून ठेवते, अशी सही मी देणार नाही. आजच्या तारखेनंतर माझ्या सहीचा किंवा अंगठ्याचा दुरुस्तीचा कागद निघाला तर मी बेशुद्ध होते असं समजावं. हे मृत्युपत्र मी आजच नोंदवून मोहोरबंद कपाटात ठेवते आहे. मी जिवंत असेतो ते कोणाला दाखवत नाहीत, हे मला पक्कं माहीत. धाकटीलाही सांगितलेलं नाही, तिचं तोंड चाळणी आहे. मुलगा पाय चेपत असताना मी गप्प राहीन. डोळे मिटून घेईन, म्हणजे तो आणखी चेपेल. मला आता मरायला मुळीच वेळ नाही.

कलम शेवटचं, मुलगा. क्रमांक एकशे सत्तावीस त्याचीच आहे, मी खुशीनं दिली, साहेबांसमोर बोलले, ते परत घेत नाही. घर रिकामं करायला त्याला एक महिना द्यावा, मला खोली बदलायला एक सकाळ दिली होती. कापलेली खाटही त्यालाच, गादीसकट. तो सहा फुटांच्या वर आहे. दार आत उघडतं, तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करावं, मला सवयीनं जमलं, त्यालाही जमेल. आणि नाहीच जमलं, तर सुताराचं दुकान कोपऱ्यावर आहे. खाट आता आणखी कापता यायची नाही. पायांचं सुतारालाच विचारावं.

ठिकाण: दप्तरखान्याच्या व्हरांड्यातला बाक. मुलगा फाटकाबाहेर रिक्षा थांबवून उभा आहे, पेन्शनच्या कागदावर सही करायची आहे असं मी त्याला सांगितलं आहे.
तारीख: शिक्क्यात आहे ती.
सही: माझी, पूर्ण नावानं, सावकाश, वाचून.

साक्षीदार एक: निवृत्त रेकॉर्डकीपर. वाचताना दोनदा खाकरले.
साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई. प्रकृती उत्तम असल्याचा दाखला जोडला आहे.