वाघोबापुढची खिचडी

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज कुत्री वर आलीच नाहीत. तेच डोक्यातनं जाईना.

आठवड्यातनं एकदा नवे गुरुजी एकेका वर्गाच्या पोरांना शिकवायला वाडीमागच्या डोंगरवाटेवर नेतात. झाडं, दगड, किडे, सगळं तिथंच. शाळेची खिचडी मीच रांधते, पातेलंही मीच नेते. वर वाघोबाचा दगड आहे. त्याच्यापुढं पानावर खिचडी ठेवल्याबिगर मी पोरांना वाढत नाही, आमची रीतच आहे ती. ती खिचडी खायला वाडीची कुत्री मागं येतात.

आज सगळी ओढ्यापाशीच थांबली, शेपट्या पायात घालून. काळीला पातेलं दाखवलं तरी हलेना. आणि तांबडा तर मागच्या खेपेला वर आला, तो परत दिसलाच नाही.

गुरुजींना म्हटलं, "वर वाघरू हाय. राजूरला जाऊन वनखात्याला सांगा."

हसले. "मावशी, कुत्री दमली असतील. उद्या पहिलीची पोरं न्यायचीत, त्यांना घाबरवू नका."

पहिलीत माझी नात आहे.

"मग उद्या मी चूल पेटवत न्हाई."

"बिस्किटं नेऊ की!"

कुत्र्यांना वर यायची चटक कुणी लावली? मीच ना. त्यांच्या मागं ते वाघरू आलं. आता कुत्री जाईनात, मग ते तिथं कुणाची वाट बघत बसलंय?

काळी आत्ता उंबऱ्यात येऊन बसलीय. डोंगराकडं तोंड करून गुरगुरतीय.

नेऊ देत बिस्किटं. उद्या शाळेच्या फाटकात मी आडवी बसणार. न्या म्हणावं पोरं माझ्या अंगावरनं.