कोऱ्या पानांची पाच वर्षे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझ्या सौ.चा खोकला आटोक्यात असेल असे गृहीत धरतो. (पुरावा तू दोन महिने पाठवलेला नाहीस, आणि कालपासून फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र गाडीने धाडतो आहे.)

आपल्या किनाऱ्यावर मोठे वादळ सरासरी चाळीस वर्षांतून एकदा येते, हे माझे विधान तू स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेस. मागचे अकरा वर्षांपूर्वी आले, सबब आणखी एकोणतीस वर्षे निर्धास्त, हा तुझा निष्कर्ष. समुद्रात चक्रीवादळ उठले असून परवा ते किनारा गाठेल, असे काल मी कळवले तेव्हा तू म्हणालास, "दादा, त्याची पाळी अजून आलेली नाही." वादळ रांगेत नंबर लावून उभे नसते. सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. इथवर चूक तुझी.

आता माझी. आज सकाळी दीपगृहाच्या जुन्या नोंदवह्या पुन्हा काढल्या. (निवृत्त माणसे बागकाम करतात, असे तुझ्या वहिनीचे निरीक्षण आहे.) एकशेवीस वर्षांत तीन वादळे, म्हणून चाळीस. परंतु पाच वर्षांची पाने कोरी आहेत, आणि कोरे म्हणजे शांत असे मी धरले होते. त्यांतल्या एका कोऱ्या वर्षानंतरच्या वहीत, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस, नव्या रखवालदाराने लिहिले आहे: 'आधीची वही, खोली व रखवालदार लाटेने नेले.' ज्या वर्षी वादळाने वहीच नेली, ते वर्ष मी वादळाविना मोजले. उरलेल्या चार वर्षांत काय झाले, ते सांगायला कोणी नाही. वही मिटली तेव्हा वहिनीने न विचारता पाण्याचा पेला पुढे ठेवला.

तेव्हा चाळीस मागे घेतो. हाताशी इतकी थोडी वादळे आणि ती चार कोरी वर्षे धरता, खरे उत्तर आठ ते शंभर वर्षांतून एकदा. याहून नेमके सांगता येत नाही. तू त्यातले शंभर उचलशील हे मी जाणतो. आठही त्याच वाक्यात आहे.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी म्हणते, "आठ ते शंभर ऐकून कोणी उंबरा ओलांडत नाही. एकच आकडा लिहा." मी तत्त्वतः नकार दिला.

पुन्हा ता. क. एकच आकडा हवा, तर तो दोन. गाडीत मागे तेवढ्या जागा रिकाम्या आहेत. तुम्ही दोघे बसल्याखेरीज निघायचे नाही, असे चालकास बजावले आहे. त्याची मुले लहान आहेत. त्याला ताटकळत ठेवू नकोस.