लेख पुढे, वाचक मागे

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दवाखाना बंद केल्यावर वेळ कसा जातो? (की समोरच्याने जांभई दिली की अजूनही त्याच्या दाढा तपासतेस?) आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण माझा हात धजत नाही. मी अजून हादरलेलोच आहे.

आमच्या मासिकात लेख हरवतात, हे तुला मी सांगितलंच होतं. माझ्याकडून मुद्रितशोधकांकडे जातात, तिथून चित्रकारबाईंकडे, आणि मध्येच गडप होतात. मागे तर मुखपृष्ठाचा लेखच सापडेना (तो चित्रकारबाईंच्या डब्याखाली निघाला, तेलाच्या डागासकट). तेव्हा संपादकबाईंनी फर्मान काढलं, की कोणतं काम कुणाकडे अडलंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि ते मी निवडायचं. मीच का? तर ऑफिसात मोबाइलवरची अक्षरं मोठी करता येतात ती फक्त मला.

विक्रेते येऊ लागले. पहिल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इतके रंग होते, की मुद्रितशोधक (त्यांना आम्ही अनुस्वारराव म्हणतो) डोळे मिटूनच बसले. दुसऱ्याचं प्रत्येक बटणागणिक ‘शाब्बास!’ म्हणायचं. “इथे कुणाला शाब्बास म्हणायचं ते मी ठरवते,” असं म्हणून संपादकबाईंनी त्याला वाटेला लावलं. तिसरं साधं होतं. लेख एका खणातून पुढच्या खणात सरकतो, ज्याने त्याने आपलं काम करून हिरवं बटण दाबायचं, आणि शेवटच्या खणातून लेख थेट छापखान्यात. “आधी वापरून तर बघा,” विक्रेता म्हणाला.

वापरायला लेख हवा. खरा लेख घालायची माझी छाती होईना, म्हणून एक खोटा खरडला : ‘जेवणानंतर उलटं चाला, पोट घालवा’. उलटं चालताना शरीर गोंधळतं आणि त्या गोंधळात चरबी वाट चुकते, असं त्यातलं शास्त्र. वर ठळक अक्षरांत ‘चाचणी’ लिहिलं आणि दिला सोडून.

मावशी, अनुस्वाररावांनी ‘चाचणी’ हा शब्दच उडवला! (शेरा : शीर्षकात अनावश्यक.) चित्रकारबाईंनी पाठमोऱ्या निघालेल्या कुटुंबाचं गोड चित्र काढलं. संपादकबाईंनी प्रवासात, चहा पिता पिता हिरवं बटण दाबलं. अंक बाजारात गेल्यावर दोन दिवसांनी माझ्या हातात आला. पान उघडलं, तर ‘पोट घालवा’ छापून तयार!

तसाच अंक घेऊन संपादकबाईंच्या खोलीत गेलो. “बाई, हा लेख खोटा आहे. मीच लिहिलाय.”

त्यांनी चष्मा काढला. सगळ्यांना बोलावलं. “मी शुद्धलेखन बघतो,” अनुस्वारराव पुटपुटले, “अर्थ माझ्याकडे नाही.” चित्रकारबाईंना वाटलं होतं, अनुस्वाररावांनी वाचला असेल. अनुस्वाररावांना वाटलं होतं, संपादकबाई वाचतील. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खुलासा लिहा. आणि मग टेबल आवरा.”

नजर चुकवायला खिडकीबाहेर पाहिलं, तर समोरच्या बागेत माणसं उलटी चालत होती! एक आजोबा, त्यांना समोरून दिशा सांगणारी सूनबाई, आणि दोन जाडजूड गृहस्थ, जे पाठीला पाठ आपटल्यावर मागे न बघताच एकमेकांची माफी मागून पुढे, म्हणजे मागे, गेले. तेवढ्यात मालकांचा फोन आला. अंक संपला होता, पुन्हा छापायचा होता.

बाईंनी फोन ठेवला. खिडकीशी जाऊन बागेतली उलटी माणसं मोजली. “खुलासा छापायचाच,” त्या म्हणाल्या, “पण छोटा. ‘वाचकांनी अधूनमधून मागे वळून बघावे.’ आणि तुमच्या नोकरीचं रविवारनंतर ठरवते.”

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
भाचा

ता. क. : त्या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरांचं नाव आणि फोटो घातल्याशिवाय आरोग्याचा लेख पुढे सरकतच नाही. माझ्या ओळखीत डॉक्टर म्हणजे तू एकटीच. मी ‘दातांच्या डॉक्टर’ असं स्पष्ट लिहिलं होतं गं, पण ‘दातांच्या’ ओळीत मावेना, म्हणून अनुस्वाररावांनी काढला. फोटो मात्र छान आलाय.

ता. क. २ : रविवारी संपादकबाई तुझ्याकडे येताहेत, दर महिन्याचं सदर मागायला. नाही म्हणू नकोस, माझी नोकरी तुझ्या हातात आहे. त्यांना ओळखणं सोपं आहे. गल्लीत शिरताना आधी त्यांची पाठ दिसेल.