आधी अभयची बाजू मांड

तीर्थरूप बाबा,

सासऱ्यांना तीर्थस्वरूप लिहायचं, तीर्थरूप फक्त जन्मदात्या वडिलांना, हे तुम्हीच मला एकदा सुनावलं होतंत. आज मुद्दाम तीर्थरूप लिहिलंय. काढा लाल पेन!

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. इथल्याच बुकित पंजांगहून गुरुजी आले, तुमच्या मंदारने सगळं नीट केलं. खिडकीत ठेवलेला घास मात्र कावळ्याची वाट न बघता मैनांनीच संपवला. काल मला रडू आलं नाही. पण आज सकाळी अभयचा फोन आला, आणि तो ठेवल्यावर मी ओट्याला टेकून अर्धा तास रडले. माझ्या भावाने मला काय ऐकवलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, आणि तुम्ही तर नाही! मग लिहिण्याशिवाय काय करू?

पण त्याआधी तुमचे आभार मानू द्या. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलंच नाही. मी सुरुवात केली की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलायचात.

सासूबाई गेल्यावर तुम्ही साताऱ्याहून इथे परदेशात, मरीन परेडला आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा खरं सांगू? मला धडकी भरली होती. जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेला माणूस, आणि आमचा फ्लॅट केवढासा! पण पंधरा दिवसांत आपलं गूळपीठ जमलं. मी रॅफल्स प्लेसच्या बँकेत कोणता देश किती भरवशाचा याचे अहवाल लिहिणारी. त्यामुळे मी चपला काढायच्या आत तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, "काय माधवी, आज कुठलं सरकार डळमळतंय?" मंदार टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि आपण आपला.

एका गोष्टीवर तर आपलं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. इराकवरची चढाई ही अमेरिकेची घोडचूक होती आणि तिला त्या खड्ड्यात ढकलणारे ते निओकॉन, बळाच्या जोरावर लोकशाही पेरू बघणारे तिथले विचारवंत! हा शब्द मी शिवीसारखा वापरायचे आणि तुम्ही हसायचात. तीच शिवी मी माझ्या पाठच्या भावाला दिली होती, हे तुम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं?

अभय शिकायला म्हणून व्हर्जिनियाला गेला आणि तिथलाच झाला. चढाई झाली त्या वर्षी आईच्या एकसष्टीला आम्ही दोघंही पुण्यात होतो. जेवता जेवता तो म्हणाला, हुकूमशहा गेला की तिथे लोकशाही येईल आणि तिचं बघून शेजारचेही देश बदलतील. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "अभय, तूही निओकॉनच! तुझ्याही हाताला रक्त लागलंय." तो भरल्या ताटावरून उठला. आई नंतर म्हणाली, "अगं, तुझं खरं असेलही, पण तो उपाशी उठला ना!" मी ऐकून घेतलं नाही. पुढे आई गेली तेव्हा आम्ही तेरा दिवस एका घरात होतो, आणि बोललो ते टॅक्सी नि भटजी यांच्यापुरतं.

मग मोसूल पडलं. अमेरिकेने तयार करून दिलेलं सैन्य पळालं आणि शहर अतिरेक्यांच्या हातात गेलं. ऑफिसात ती बातमी वाचून मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला! शहर पडल्याचा नव्हे हो, माझं खरं ठरल्याचा. परत येताना एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या अभयला मेल लिहिली. अकरा वर्षांतली पहिली. नकाशा जोडला, आकडे जोडले आणि शेवटी लिहिलं, "आता बोल." घरी येऊन तुम्हाला वाचून दाखवली. वाटलं होतं, पाठ थोपटाल.

तुम्ही चष्मा काढलात. "छान आहे. पाठव. फक्त आधी पूर्वपक्ष मांड."

"कुणाचा?"

"भावाचा. आपल्याकडे शास्त्री वादाला बसले की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचे. असं मांडायचे की त्याने म्हणावं, हो, हेच मला म्हणायचं होतं. मग खोडायला घ्यायचे."

"त्यांचं म्हणणं काय असणार, बाबा? तेल!"

"तेल हे तुझं म्हणणं झालं. त्याचं काय?"

अकरा वर्षं ज्या माणसावर रुसून बसले, त्याला नेमकं काय वाटत होतं हे मला माहीतच नव्हतं. मेल न पाठवता तशीच राहिली.

पुढचे दोन महिने मी कसे विसरू? संध्याकाळी समुद्राच्या कडेने चालताना आणि मग हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना तुम्ही मला त्या निओकॉन माणसांची गोष्ट सांगत होतात. त्यांच्यातले कितीतरी तरुणपणी डावे होते, हे ऐकून मी उडालेच. सोव्हिएत सत्तेचा त्यांना तिटकारा बसलेला. महायुद्धाआधी युरोप जर्मनीपुढे नमला, तसं पुन्हा कधी होऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. जे सरकार घरात आपल्याच माणसांना चिरडतं ते बाहेर तरी कशाला सरळ वागेल, तेव्हा ते बदला. आणि अमेरिकेकडे ताकद आहे तर तिने ती वापरायला लाजू नये, असं त्यांचं साधं गणित. बाल्कनमध्ये कत्तली चालल्या आणि जग बघत बसलं, हे त्यांना सलत होतं. "यातलं खोटं काय आहे सांग," तुम्ही विचारायचात. बरंचसं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत!

मी विचारलं, मूठभर लेखक-प्राध्यापक एवढ्या मोठ्या देशाला युद्धात नेतात तरी कसे? तुम्ही म्हणालात, "न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा सगळे गोंधळलेले होते आणि यांच्या खिशात कागद तयार होता. घाबरलेला माणूस तयार कागदावर सही करतो. पण सही करणाऱ्यालाही विसरू नकोस. सगळं मूठभरांच्या माथी मारलं की बाकीचे सुटतात." त्यांच्यातल्या काहींच्या धर्मावरून काहीबाही लिहिलेला एक मेसेज मी तुम्हाला दाखवला, तेव्हा केवढे संतापला होतात! तो तुमच्या डोळ्यांदेखत पुसायला लावलात.

आणि ती रंगीत तालीम! मी सोफ्यासमोर उभी राहून अभयची बाजू मांडायची आणि शाळेत डिबेट करणारी आमची सानिका परीक्षक. पहिल्याच दिवशी कार्टीने मान हलवली. "ममा, यू डोंट बिलीव्ह इट लाह. सो सारकॅस्टिक!" तुम्ही वर म्हणालात, "बरोबर बोलतेय पोरगी. तू बाजू मांडत नाहीयेस, नक्कल करतेयस." असा राग आला होता मला! दोन दिवस तुमच्या चहात आलं घातलं नाही, आठवतं? चौथ्या खेपेला सानिका म्हणाली, "ओके, दॅट वन ऑलमोस्ट कन्व्हिन्स मी." त्या रविवारी संध्याकाळी मी अभयला फोन लावला.

त्याच्याकडे सकाळ होती. तुम्ही शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसलात आणि एकदाही पान उलटलं नाहीत. मी म्हणाले, "अभय, भांडायला फोन नाही केला. तुझं तेव्हाचं म्हणणं मला कळलंय का, एवढंच तपासायचंय." आणि मांडलं सगळं.

"बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "पण एक राहिलं. हसन."

हसन त्याच्या ऑफिसातला इराकी. त्याचा थोरला भाऊ तिथल्या तुरुंगात नाहीसा झालेला. बगदाद पडलं त्या दिवशी हसन मिठाईचा डबा घेऊन अभयच्या दारात आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडला. ते युद्ध बरोबर आहे, हे माझ्या भावाने हसनकडे बघून ठरवलं होतं. तीन वर्षांनी हसनची बहीण बगदादच्या बाजारात स्फोटात गेली, आणि हसनने अभयशी बोलणं टाकलं.

"माझं चुकलं हे मला तेव्हाच कळलं होतं," अभय म्हणाला. "पण सांगणार कुणाला? तुला सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस."

बाबा, आठ वर्षं माझा भाऊ आपली चूक एकटा उराशी धरून बसला होता, आणि त्याची वाट अडवून कोण उभं होतं? मी! त्याचं चुकलंय हे पहिल्यापासून ओळखणारी मी! फोन ठेवला तेव्हा तुम्ही "चहा टाक," एवढंच म्हणालात. तुमच्यामुळे मला माझा भाऊ परत मिळाला, बाबा. हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं.

पण एका गोष्टीचा मला तुमच्यावर राग आहे. काल श्राद्धाचं जेवताना मंदारने सांगितलं. आणीबाणीत तुम्ही वर्गात सांगायचात की देशाला शिस्त हवीच, आणि तुमचे जिवलग मित्र देशमुखसर तेव्हा तुरुंगात होते. ते सुटून आले तोवर तुम्हाला तुमची चूक कळून चुकली होती. तरी पुढची वीस-बावीस वर्षं तुम्ही त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलात, आणि ते वारले तेव्हा फाटकापर्यंत जाऊन परत आलात. हे मला का नाही सांगितलंत? दोन महिने जगाच्या चुकांवर बोललात आणि स्वतःच्या चुकीबद्दल अवाक्षर नाही! मी काय तुमच्यावर जिंकायला बसले होते?

आता आजचं ऐका. गेल्या आठवड्यात सीरियातली, विषारी वायूने गुदमरलेली मुलं टीव्हीवर दाखवली. मी अभयला लिहिलं, अमेरिकेने आता त्या सरकारला उखडायलाच हवं. हो, मी लिहिलं! अभय आता कुठल्याच युद्धाच्या बाजूचा नाही. तो मत देतो त्या पक्षाने त्या निओकॉन मंडळींना बाजूला सारलं, त्यातले एकदोन पुन्हा खुर्चीत येऊन बसले, त्याने दोन्ही बघितलं. त्याने मला एका वाक्यात गप्प केलं असतं तरी मी काय बोलणार होते?

आज फोनवर तो म्हणाला, "ताई, खोडण्याआधी तुझी बाजू मांडू दे. चुकलो तर सांग." आणि मांडली. म्हणाला, "तू आई आहेस म्हणून नाही लिहिलंस ते. तू दिवसभर देशांचे आकडे लिहितेस, आणि ती मुलं बघून तुला तुझ्याच आकड्यांची शिसारी आली." बाबा, हे मला स्वतःलाही कळलं नव्हतं! मग त्याने विचारलं, "आता मी का नको म्हणतोय, ते ऐकशील?" ऐकलं मी. सगळं पटलेलं नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं.

तुम्हाला भेटायला यायचं त्याच्या फार मनात होतं. तिकीट काढेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत, ही रुखरुख आम्हा दोघांनाही आहे. आता दिवाळीला येतोय. वाद होणार, चांगला कडकडून होणार. तुम्हाला वचन देते, माझं चुकतंय असं कळलं तर जेवून हात धुवायच्या आत त्याला तसं सांगेन. आणि त्याचं चुकलं असेल, तर ते मला सांगताना त्याला भीती वाटू नये, अशी बहीण होईन.

तुमची
माधवी